क्षेत्रमापांचे रूपांतर : गुंठ्यापासून चौरस किलोमीटरपर्यंत

जमिनीचे माप ही केवळ गणिताच्या पुस्तकातील बाब नव्हे. शेतसारा, खरेदीखत, वाटणीपत्र, पीककर्ज, नुकसानभरपाई, खताची मात्रा आणि पिकाचा उतारा या सर्वांचा आधार क्षेत्रफळ हाच असतो. एकाच जमिनीचे क्षेत्र एका कागदावर गुंठ्यांत, दुसऱ्यावर हेक्टरमध्ये आणि शेजारच्या राज्यातील नातेवाइकाच्या पत्रात बिघ्यांत लिहिलेले आढळते. या निरनिराळ्या मापांचा परस्परसंबंध ज्याला उलगडत नाही, त्याला आपल्याच जमिनीविषयी दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून राहावे लागते. या प्रकरणात आपण प्रथम रूपांतराचा मूळ नियम पाहू, नंतर देशात रूढ असलेल्या मापांची ओळख करून घेऊ, आणि शेवटी लहान मापावरून मोठ्या क्षेत्राचा अंदाज बांधताना कोणती दक्षता घ्यावी लागते याचा विचार करू.

१. वर्गाचा नियम

एक मीटर म्हणजे १०० सेंटिमीटर. परंतु एक चौरस मीटर म्हणजे १०० चौरस सेंटिमीटर नव्हेत, तर १०,००० चौरस सेंटिमीटर होत. कारण उघड आहे. ज्या चौरसाची बाजू एक मीटर आहे, त्याच्या एका बाजूवर एक सेंटिमीटर बाजूचे १०० लहान चौरस मांडता येतात, आणि अशा १०० ओळी एकाखाली एक बसतात. म्हणून लांबीच्या दोन मापांत जे गुणोत्तर असते, त्याचा वर्ग हे क्षेत्रफळाच्या मापांचे गुणोत्तर असते. एक वार म्हणजे तीन फूट. म्हणून एक चौरस वार म्हणजे नऊ चौरस फूट. एक फूट म्हणजे बारा इंच. म्हणून एक चौरस फूट म्हणजे १४४ चौरस इंच.

हा नियम सोपा आहे, तरी व्यवहारात त्याचा विसर वारंवार पडतो. ‘पाच चौरस मीटर’ आणि ‘पाच मीटर चौरस’ या दोन शब्दप्रयोगांतील भेद याच नियमातून निघतो. पहिल्याचा अर्थ ज्याचे क्षेत्रफळ पाच चौरस मीटर आहे असा तुकडा. दुसऱ्याचा अर्थ ज्याची प्रत्येक बाजू पाच मीटर आहे असा चौरस. त्याचे क्षेत्रफळ पंचवीस चौरस मीटर भरते. शब्दांच्या क्रमातील या किंचित फरकाने जमीन पाचपट होते.

आणखी एक गोष्ट प्रारंभीच ध्यानात घ्यावी. मोठ्या मापातून लहान मापात जाताना गुणाकार करावयाचा आणि लहानातून मोठ्यात जाताना भागाकार. माप मोठे तर संख्या लहान, आणि माप लहान तर संख्या मोठी. उत्तर मिळाल्यावर एवढी एकच कसोटी लावून पाहिली, तरी निम्म्याहून अधिक चुका तेथल्या तेथे उघड होतात.

२. दशमान पद्धतीची शिडी

दशमान पद्धतीत क्षेत्रफळाची शिडी अतिशय नियमित आहे. दहा मीटर बाजूच्या चौरसाला ‘आर’ म्हणतात. त्याचे क्षेत्र १०० चौरस मीटर. शंभर मीटर बाजूच्या चौरसाला ‘हेक्टर’ म्हणतात. त्याचे क्षेत्र १०,००० चौरस मीटर, म्हणजेच १०० आर. एक हजार मीटर बाजूचा चौरस म्हणजे एक चौरस किलोमीटर. त्यात १०० हेक्टर मावतात. प्रत्येक पायरीवर बाजू दसपट होते आणि क्षेत्र शंभरपट होते. ‘हेक्टर’ या शब्दातील पहिला भाग ‘शंभर’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेला आहे. फ्रान्समध्ये १७९५ साली दशमान मापे कायद्याने ठरविण्यात आली, तेव्हा जमिनीसाठी ‘आर’ हे माप निश्चित झाले. भारतात १९५६ च्या वजने व मापे यांसंबंधीच्या कायद्याने या पद्धतीचा पाया घातला गेला.

महाराष्ट्रातील सात-बाराच्या उताऱ्यावर क्षेत्र ‘हेक्टर, आर, चौरस मीटर’ या क्रमाने लिहिलेले असते. १.२३.४५ असा आकडा असेल, तर त्याचा अर्थ १ हेक्टर २३ आर ४५ चौरस मीटर असा होतो. शिडीतील प्रत्येक पायरी शंभराची असल्यामुळे मधली टिंबे काढून टाकली की लगेच १२,३४५ चौरस मीटर हे क्षेत्र मिळते. मात्र यासाठी प्रत्येक घर दोन अंकी असले पाहिजे. पाच आर लिहावयाचे असल्यास ०.०५ असे लिहावे लागते. त्याऐवजी कोणी ०.५ लिहिले, तर वाचणारा त्याचा अर्थ अर्धा हेक्टर, म्हणजे पन्नास आर, असाही करू शकेल. एका शून्याच्या गळतीने क्षेत्र दसपट वाढते किंवा घटते.

३. एकर आणि गुंठा

एकराची घडण दशांशांवर आधारलेली नाही. परंतु तिच्यातही एक व्यवस्था आहे. एडमंड गुंटर या इंग्रज गणितज्ञाने १६२० च्या सुमारास जमीन मोजण्यासाठी ६६ फूट लांबीची आणि १०० कड्यांची साखळी प्रचारात आणली. एक साखळी रुंद आणि दहा साखळ्या लांब अशी जमीन म्हणजे एक एकर. ६६ फुटांना ६६० फुटांनी गुणले असता ४३,५६० चौरस फूट येतात. हेच ४,८४० चौरस वार होत. एक चौरस मैल म्हणजे ६४० एकर.

मुंबई इलाख्यातील भूमापनात याच्या निम्म्या लांबीची, म्हणजे ३३ फुटांची साखळी वापरण्यात येई, आणि तिचे सोळा भाग केलेले असत. ३३ फूट बाजूचा चौरस म्हणजे एक गुंठा. त्याचे क्षेत्र १,०८९ चौरस फूट, म्हणजे १२१ चौरस वार. असे चाळीस गुंठे मिळून एक एकर होतो. गुंठ्याचा सोळावा हिस्सा म्हणजे एक आणा. तो ६८ चौरस फुटांहून किंचित अधिक भरतो. रुपयाचे सोळा आणे करण्याची जी सवय लोकांच्या हाडीमाशी खिळली होती, तिचाच उपयोग येथे जमिनीसाठी झालेला दिसतो.

एकर-गुंठ्यांच्या लेखनात एक सापळा आहे. जुन्या कागदांवर ‘२-२५’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ दोन एकर पंचवीस गुंठे. तो आकडा २.२५ एकर असा वाचला, तर तो केवळ दोन एकर दहा गुंठे होतो, आणि मालकाचे पंधरा गुंठे कागदावरच नाहीसे होतात. गुंठ्यांचे दशांश करण्यासाठी त्यांना चाळीसने भागले पाहिजे. पंचवीस भागिले चाळीस म्हणजे ०.६२५, म्हणून ते क्षेत्र २.६२५ एकर आहे. जेथे शिडीची पायरी शंभराची किंवा दहाची नाही, तेथे रेषेनंतरचा आकडा दशांश समजू नये, हा यातून निघणारा नियम होय.

४. एक नाव, अनेक मापे

महाराष्ट्राबाहेर पाऊल टाकले की ‘बिघा’ हा शब्द कानी पडू लागतो. उत्तरेकडील बिघ्याचा इतिहास अकबराच्या काळापर्यंत मागे नेता येतो. त्या काळी ६० गज लांब आणि ६० गज रुंद जमिनीला, म्हणजे ३,६०० चौरस गजांना, एक बिघा म्हणत. हा गज ‘इलाही गज’ या नावाने ओळखला जात असे. ब्रिटिश अमदानीत उत्तर भारतातील भूमापनासाठी त्याची लांबी ३३ इंच धरण्यात आली. त्या हिशेबाने ६० गज म्हणजे ५५ वार झाले, आणि बिघा ५५ गुणिले ५५, म्हणजे ३,०२५ चौरस वारांचा ठरला. हा बरोबर एकराचा पाच-अष्टमांश भाग आहे. बिघ्याचा विसावा भाग बिस्वा आणि बिस्व्याचा विसावा भाग बिस्वांसी.

बंगालमधील बिघा याहून बराच लहान आहे. तेथे ८० हात लांब व ८० हात रुंद जमिनीला बिघा म्हणतात. हात दीड फुटाचा धरल्यास बाजू १२० फूट आणि क्षेत्र १४,४०० चौरस फूट होते. त्याचे वीस कठ्ठे, आणि प्रत्येक कठ्ठ्याचे सोळा छटाक. म्हणजे कठ्ठा ७२० चौरस फुटांचा आणि छटाक ४५ चौरस फुटांचा. आसामातही बिघा १४,४०० चौरस फुटांचाच आहे. परंतु तेथे त्याचे वीस नव्हे, तर पाच कठ्ठे करतात. त्यामुळे आसामचा कठ्ठा बंगालच्या कठ्ठ्याच्या चौपट, म्हणजे २,८८० चौरस फुटांचा होतो.

बिहारमध्ये मोजणीची काठी ‘लग्गी’ या नावाने ओळखली जाते. एक लग्गी बाजूचा चौरस म्हणजे एक धूर. वीस धूर म्हणजे एक कठ्ठा आणि वीस कठ्ठे म्हणजे एक बिघा. अर्थात बिघा म्हणजे वीस लग्गी बाजूचा चौरस. परंतु लग्गी सर्वत्र सारख्या लांबीची नसते. एका ठिकाणी ती सहा हातांची आणि दुसऱ्या ठिकाणी सात हातांची असेल, तर दोन्हीकडील बिघ्यांचे गुणोत्तर सहास सात असे नसून छत्तीसास एकोणपन्नास असे होते. काठी एक-षष्ठांशाने वाढली की जमीन एक-तृतीयांशाहून अधिक वाढते. वर्गाचा नियम येथे पुन्हा आपले अस्तित्व दाखवितो.

देशातील काही प्रमुख मापे पुढे एकत्र दिली आहेत. दशमान आकडे जवळच्या दुसऱ्या दशांशापर्यंत घेतले आहेत.

एकर : ४३,५६० चौरस फूट, ४,०४६.८६ चौरस मीटर
गुंठा (एकराचा चाळिसावा भाग) : १,०८९ चौरस फूट, १०१.१७ चौरस मीटर
सेंट (तमिळनाडू, केरळ इत्यादी, एकराचा शंभरावा भाग) : ४३५.६ चौरस फूट, ४०.४७ चौरस मीटर
ग्राउंड (तमिळनाडू) : २,४०० चौरस फूट, २२२.९७ चौरस मीटर
कनाल (पंजाब, हरियाणा; एकराचा आठवा भाग) : ५,४४५ चौरस फूट, ५०५.८६ चौरस मीटर
मरला (कनालचा विसावा भाग) : २७२.२५ चौरस फूट, २५.२९ चौरस मीटर
बिघा (उत्तरेकडील, ३,०२५ चौरस वार) : २७,२२५ चौरस फूट, २,५२९.२९ चौरस मीटर
बिघा (बंगाल व आसाम) : १४,४०० चौरस फूट, १,३३७.८० चौरस मीटर
कठ्ठा (बंगाल) : ७२० चौरस फूट, ६६.८९ चौरस मीटर
कठ्ठा (आसाम) : २,८८० चौरस फूट, २६७.५६ चौरस मीटर

नावावरून माप ठरविणे किती धोक्याचे असते, याचे उदाहरण भारत-बांगलादेश सीमेवर आहे. पश्चिम बंगालच्या कूचबिहार जिल्ह्यातील ‘तीन बिघा’ या नावाची पट्टी सर्वश्रुत आहे. दहग्राम हा भाग बांगलादेशच्या मुख्य भूमीशी जोडण्यासाठी तीन बिघाजवळील सुमारे १७८ मीटर गुणिले ८५ मीटर इतके क्षेत्र भाडेपट्ट्याने द्यावयाचे, असे १९७४ च्या करारात नमूद केले आहे. या आकड्यांचा गुणाकार १५,१३० चौरस मीटर येतो. बंगालच्या बिघ्याने भागल्यास ते अकरा बिघ्यांहून अधिक भरते. स्थळाचे नाव हे नावच असते, ते माप नव्हे. करार वाचताना मीटरचे आकडेच प्रमाण मानावे लागतात.

याउलट, जेथे केवळ प्रमाणाचा प्रश्न असतो तेथे रूपांतराची गरजच नसते. बिहारमधील चंपारण्यात निळीच्या मळेवाल्यांनी कुळांवर ‘तीनकठिया’ पद्धत लादली होती. प्रत्येक बिघ्यातील वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत नीळ लावण्याची सक्ती होती. चंपारण्यातील बिघा लहान की मोठा हे माहीत नसले, तरी विसांत तीन म्हणजे शेकडा पंधरा हे प्रमाण बदलत नाही. पाच बिघे कसणाऱ्या कुळाला पंधरा कठ्ठे, म्हणजे पाऊण बिघा, निळीसाठी सोडावा लागे. १९१७ साली महात्मा गांधींनी या प्रश्नाची चौकशी हाती घेतली आणि १९१८ च्या कायद्याने ही पद्धत रद्द झाली.

५. दोन शिड्यांमधील पूल

जुनी आणि नवी मापे जोडण्यासाठी एकच मूळ आकडा पुरेसा आहे : एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर. त्याचा वर्ग केला की एक चौरस फूट म्हणजे ०.०९२९०३ चौरस मीटर हे उत्तर मिळते, आणि पुढील सारे आकडे त्यावरून काढता येतात. नित्याच्या उपयोगासाठी मात्र पुढील आकडे पाठ असावेत.

एक एकर = ०.४०४७ हेक्टर
एक हेक्टर = २.४७१ एकर, म्हणजे २ एकर व सुमारे १७२ चौरस फूट कमी १९ गुंठे
एक चौरस मीटर = १०.७६४ चौरस फूट
एक चौरस मैल = २.५९ चौरस किलोमीटर

गुंठा आणि आर यांतील अंतर फार थोडे आहे. गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा, तर आर १०० चौरस मीटरचा. म्हणून बोलताना लोक दोन्ही एकच मानतात. एका गुंठ्यामागे सव्वा चौरस मीटरहूनही कमी फरक पडतो. घराच्या अंगणापुरता हा हिशेब चालून जाईल. परंतु १०० एकर जमिनीचे ४,००० गुंठे होतात. त्यांना ४,००० आर समजले, तर क्षेत्र ४० हेक्टर येते. खरे क्षेत्र मात्र ४०.४७ हेक्टर आहे. या सवलतीत सुमारे ४७ आर, म्हणजे एक एकराहून अधिक जमीन हिशेबातून निसटते. लहान मापातील क्षुल्लक चूक मोठ्या क्षेत्रात त्याच पटीने वाढत जाते. म्हणून पूर्णांकात आणण्याची क्रिया सर्व गुणाकार संपल्यावर शेवटी करावी, आरंभी करू नये.

कायद्यातील मर्यादांच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे ठरते. शासकीय वर्गीकरणात एक हेक्टरपेक्षा कमी जमीन धारण करणारा तो अत्यल्प भूधारक, आणि एक ते दोन हेक्टर धारण करणारा तो अल्पभूधारक. लोकांच्या तोंडी मात्र ही मर्यादा ‘अडीच एकर’ आणि ‘पाच एकर’ अशी असते. आता पाच एकरांचे रूपांतर करून पाहू. ५ गुणिले ४,०४६.८६ म्हणजे २०,२३४ चौरस मीटर; अर्थात २ हेक्टर २ आर ३४ चौरस मीटर. बरोबर दोन हेक्टर म्हणजे ४ एकर आणि पावणेअडतीस गुंठ्यांच्या जवळपास. तेव्हा ज्याच्या नावे पुरते पाच एकर आहेत, तो दोन हेक्टरांची मर्यादा सव्वादोन गुंठ्यांहून थोड्या अधिक क्षेत्राने ओलांडतो. २०१९ साली सुरू झालेल्या पंतप्रधान किसान सन्मान निधी योजनेत प्रारंभी दोन हेक्टरांची मर्यादा होती. ती त्याच वर्षी काढून टाकण्यात आली. परंतु जेथे जेथे अशी मर्यादा असते, तेथे ‘दोन हेक्टर म्हणजे पाच एकर’ हे सोयीचे वाक्य एखाद्या कुटुंबाला लाभापासून वंचित ठेवू शकते, अथवा त्याला नको त्या अडचणीत टाकू शकते.

महाराष्ट्रातील कमाल जमीनधारणेचा कायदा १९६१ चा आहे. त्याची पुढे सुधारलेली मर्यादा बारमाही बागायतीसाठी १८ एकर आणि जिरायतीसाठी ५४ एकर अशी आहे. दशमान मापांत ती अनुक्रमे ७.२८ आणि २१.८५ हेक्टर होते. येथे एकराचे हेक्टर करताना ०.४ हा ढोबळ आकडा वापरला, तर ५४ एकरांचे २१.६ हेक्टर होतील, आणि पाव हेक्टर जमीन विनाकारण वादाची ठरेल.

६. ‘दर एकरी’ आणि ‘दर हेक्टरी’

आतापर्यंत आपण क्षेत्राचे रूपांतर पाहिले. क्षेत्रामागील दराचे रूपांतर याच्या उलट दिशेने चालते, आणि येथेच सर्वांत अधिक गोंधळ होतो. क्षेत्र हेक्टरवरून एकरात आणताना संख्येला २.४७१ ने गुणावे लागते. परंतु ‘हेक्टरी’ दराचा ‘एकरी’ दर करताना २.४७१ ने भागावे लागते. कारण एकर लहान असल्यामुळे त्यावर कमी खत, कमी बी आणि कमी पाणी लागणार.

समजा, ओलिताच्या गव्हासाठी हेक्टरी १२० किलो नत्राची शिफारस आहे. युरियात शेकडा ४६ नत्र असते. म्हणून १२० किलो नत्रासाठी सुमारे २६१ किलो युरिया लागेल. एकराला हे प्रमाण २६१ भागिले २.४७१, म्हणजे सुमारे १०६ किलो होते. आणि एका आरला केवळ २.६१ किलो. एखाद्याने भागण्याऐवजी गुणले, तर एकरी ६४५ किलो असे उत्तर येईल. ही चूक अडीचपटीची वाटते, परंतु ती वस्तुतः २.४७१ च्या वर्गाइतकी, म्हणजे सहापटीहून अधिक आहे. खताच्या बाबतीत असे घडले तर पीक जळेल व पैसा वाया जाईल. कीटकनाशकाच्या बाबतीत घडले तर फवारणाऱ्याच्या जिवावर बेतेल.

७. पंचवीस चौरस मीटरवरून हेक्टर

लहान क्षेत्रावरून मोठ्या क्षेत्राकडे जाण्याचा सर्वांत दूरगामी परिणामांचा व्यवहार म्हणजे पीक कापणीचा प्रयोग. एखाद्या मंडळात पिकाचा उतारा किती आला, हे ठरविण्यासाठी सारी शेते मोजून कापता येत नाहीत. म्हणून यदृच्छ पद्धतीने काही शेते निवडतात आणि प्रत्येकात ठरावीक आकाराचा लहान तुकडा आखून त्यातील पीक कापून, मळून तोलतात. पुष्कळ ठिकाणी हा तुकडा पाच मीटर लांब व पाच मीटर रुंद असतो. त्याचे क्षेत्र २५ चौरस मीटर. एका हेक्टरमध्ये असे ४०० तुकडे मावतात. म्हणून तुकड्यातील धान्याच्या किलोंना ४०० ने गुणले की हेक्टरी उत्पन्न मिळते. सहा किलो धान्य निघाले, तर हेक्टरी २,४०० किलो, म्हणजे २४ क्विंटल. पीकविम्याची भरपाई मिळणार की नाही, हे बहुधा अशाच प्रयोगांच्या सरासरीवर अवलंबून असते.

गुणक ४०० असल्याने चूकही ४०० पट वाढते. तराजूत १०० ग्रॅमचा फरक पडला, तर हेक्टरी ४० किलोंचा फरक पडतो. दोरी सैल धरल्यामुळे तुकड्याची बाजू पाच मीटरऐवजी ५.१ मीटर झाली, तर क्षेत्र २६.०१ चौरस मीटर होते. बाजूत शेकडा दोन, तर क्षेत्रात शेकडा चार इतकी वाढ झाली. आणि उतारा तेवढ्याने खोटा फुगला. उतारा फुगला की नुकसान कमी दिसते, आणि ज्या शेतकऱ्यांनी तो तुकडा पाहिलाही नाही, त्यांची भरपाई कमी होते.

तुकडा किती मोठा असावा, या प्रश्नावर १९४० च्या दशकात आपल्या देशातील दोन थोर संख्याशास्त्रज्ञांमध्ये मतभेद झाले. कलकत्त्यातील भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमधील सर्वेक्षणांत लहान तुकड्यांचा अवलंब केला होता. लहान तुकडा लवकर कापून होतो, त्यामुळे तेवढ्याच खर्चात अधिक ठिकाणे पाहता येतात, हा त्याचा लाभ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म सातारा जिल्ह्यातील बुध या गावचा. त्यांनी आणि विनायक गोविंद पानसे यांनी मोठ्या तुकड्यांचा पुरस्कार केला. तुकडा फार लहान असेल तर उतारा खऱ्यापेक्षा जास्त येतो, असे सुखात्मे यांनी प्रत्यक्ष प्रयोगांनी दाखवून दिले.

असे का होते, हे आपण वर्गाच्या नियमानेच समजून घेऊ शकतो. तुकड्याच्या सीमेवर उभे असलेले रोप आत घ्यावे की बाहेर ठेवावे, असा प्रसंग आला की कापणाऱ्याचा कल ते आत घेण्याकडे असतो. समजा, या कलामुळे चारही बाजूंनी दोन सेंटिमीटर रुंदीची पट्टी अधिक कापली गेली. पाच मीटर बाजूचा तुकडा ५.०४ मीटरचा होईल, आणि त्याचे क्षेत्र शेकडा १.६ ने वाढेल. एक मीटर बाजूचा तुकडा १.०४ मीटरचा होईल, आणि त्याचे क्षेत्र शेकडा ८ हून अधिक वाढेल. हात तोच, सवय तीच. परंतु तुकडा लहान झाला की त्याच्या क्षेत्राच्या मानाने सीमा मोठी होते. पाच मीटरच्या चौरसात प्रत्येक चौरस मीटरमागे ०.८ मीटर सीमा असते, तर एक मीटरच्या चौरसात ती चार मीटर असते. तुकड्यांची संख्या वाढविल्याने हा दोष नाहीसा होत नाही, कारण तो प्रत्येक तुकड्यात एकाच दिशेने पडतो.

८. मोठे आकडे डोळ्यांपुढे आणणे

रूपांतराचा आणखी एक उपयोग म्हणजे मोठ्या आकड्यांना आकार देणे. १८ एप्रिल १९५१ रोजी हैदराबाद राज्यातील पोचमपल्ली या गावी भूमिहीनांनी विनोबा भावे यांच्याकडे ८० एकर जमिनीची मागणी केली. तेव्हा रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केले, आणि भूदान चळवळीचा आरंभ झाला. शंभर एकर म्हणजे ४०.४७ हेक्टर; एका चौरस किलोमीटरच्या निम्म्याहूनही कमी. पुढे विनोबांनी देशापुढे पाच कोटी एकरांचे लक्ष्य ठेवले. हा आकडा ऐकताना तो केवळ ‘फार मोठा’ एवढेच जाणवते. त्याचे रूपांतर केल्यास सुमारे २.०२ कोटी हेक्टर, म्हणजे २,०२,००० चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक क्षेत्र येते. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे विनोबा महाराष्ट्राच्या जवळजवळ दोन-तृतीयांश एवढी भूमी केवळ दान म्हणून मागत होते. पोचमपल्लीच्या दानासारखी पाच लाख दाने मिळाली, तरच ते लक्ष्य पुरे झाले असते.

त्याच रीतीने मोठ्या आकड्यावरून लहानाकडेही येता येते. कृषिगणनेनुसार १९७०-७१ मध्ये देशातील सरासरी धारणक्षेत्र २.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये ते १.०८ हेक्टरवर आले. गुंठ्यांच्या भाषेत सांगावयाचे, तर पाच एकर पंचवीस गुंठ्यांचे शेत दोन एकर सत्तावीस गुंठ्यांचे झाले. हेक्टरचे दशांश अहवालात राहतात. शेत किती आटले हे गुंठ्यांत सांगितले की बांधावर उभ्या असलेल्या माणसालाही उमगते.

स्वाध्याय

१. सात-बारावर ०.८१.२० असे क्षेत्र आहे. ते एकर-गुंठ्यांत किती?
२. जुन्या खरेदीखतातील ‘३-१०’ (एकर-गुंठे) हे क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये लिहा.
३. कलकत्त्यातील दोन कठ्ठ्यांचा भूखंड किती चौरस मीटरचा? तो एका गुंठ्याहून मोठा की लहान?
४. पाच मीटर बाजूच्या तुकड्यात साडेचार किलो ज्वारी निघाली. हेक्टरी व एकरी उतारा काढा.
५. एक एकर शेतावर २५ मिलिमीटर पाऊस पडला. किती लिटर पाणी पडले? (एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी.)

उत्तरे : १. ८,१२० चौरस मीटर, म्हणजे दोन एकर व सुमारे पाव गुंठा. २. ३.२५ एकर, म्हणजे १.३१.५२. ३. १३३.७८ चौरस मीटर; गुंठ्याहून सुमारे एक-तृतीयांशाने मोठा. ४. हेक्टरी १८ क्विंटल, एकरी सुमारे ७.२८ क्विंटल. ५. सुमारे १,०१,१७० लिटर.